शिफारसपत्र मागायला जाताना

बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालहून पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडायचं तर आमच्या पिढीला आधी एक फाइल लागायची. पुठ्ठ्याची, नाडीने बांधायची, आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी, कारण पावसाळ्यात शेगावच्या एस.टी.च्या खिडकीला काच असेलच असं नव्हतं. दहावी-बारावीच्या मार्कलिस्टा, टीसी, जातीचा दाखला, डोमिसाइल, मायग्रेशन, या सगळ्यांच्या पाच-पाच ट्रू कॉप्या, पासपोर्ट फोटो, आपलाच पत्ता लिहून तिकीट लावलेली कोरी पाकिटं असा सगळा ऐवज तिच्यात असायचा. घरात तिची जागा पत्र्याच्या पेटीत, सातबारा आणि सोसायटीच्या कर्जाच्या पावत्यांशेजारी. धाकट्या भावंडांनी तिला हात लावायचा नाही, हे कुणी न सांगता त्यांना माहीत असे. अर्ज कुठे कुठे गेले आणि कुणाचं उत्तर यायचंय, हे फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं असायचं.

आज आमच्या आळीतली एक मुलगी परदेशातल्या विद्यापीठांत पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. फाइल कुठे आहे विचारलं की ती फोन पुढे करते. मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, बाकीचं ड्राइव्हवर, आणि सगळ्यांच्या वर एक शीट. एकेका विद्यापीठाची एकेक ओळ; पुढे शेवटची तारीख, फी, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, ट्रान्स्क्रिप्ट, आणि पहिलं पत्र, दुसरं पत्र, तिसरं पत्र असे तीन खण. पत्र पोचलं की खण हिरवा, नाही तोवर लाल. हे आमच्या नाडीच्या फाइलपेक्षा चांगलं आहे, यात वादाला जागा नाही. आमच्यातल्या एकाची पिशवी शेगाव स्टेशनवर गेली आणि तिच्याबरोबर त्याचं अख्खं वर्ष गेलं. डुप्लिकेट मार्कलिस्टसाठी एफिडेव्हिट, पोलिसांचा दाखला, विद्यापीठाच्या खिडकीवर हेलपाटे, आणि तोवर प्रवेश बंद. या मुलीचा फोन उद्या हरवला तरी तिचं एकही अक्षर हरवणार नाही.

त्या ट्रू कॉप्यांवर सही लागायची गॅझेटेड ऑफिसरची. गावात असा माणूस म्हणजे सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब. नाहीतर संग्रामपूर गाठायचं, नाहीतर कॉलेजच्या प्राचार्यांची वाट पाहायची. ओपीडी संपेपर्यंत आम्ही भिंतीला टेकून उभे असायचो, हातात मूळ कागदांची एक चळत आणि नकलांची एक. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला त्याचे गुण त्याचेच आहेत हे सिद्ध करायला एका अनोळखी माणसाची सही लागावी, ही मुळात अपमानाचीच पद्धत होती. साहेब रजेवर असले की परत जायचं, साहेबांचा मूड नसला की उद्या यायचं. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये बहुतेक कामांसाठी स्वसाक्षांकन मान्य केलं तेव्हा कुणालाही वाईट वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. सही करता करता डॉक्टर मार्कलिस्ट वाचायचे. बोट एका ओळीवर थांबायचं. केमिस्ट्रीत एवढे मार्क आहेत तर बी.एड. कशाला करतो, एम.एस्सी. का नाही करत, असं एक वाक्य ते बोलून जायचे आणि गोल शिक्का मारून नकला परत द्यायचे. घरात कुणी कॉलेजची पायरी न चढलेल्या पोराला असं विचारणारा तो पहिला माणूस असायचा. आपल्या गुणपत्रिकेवर आपण स्वतः सही करतो तेव्हा ती कुणीच वाचत नाही.

फॉर्म मिळवणं हे निराळंच काम होतं. बसस्टँडवर एम्प्लॉयमेंट न्यूज मिळाला तर त्यात, नाहीतर लायब्ररीतल्या शिळ्या पेपरात जाहिरात सापडायची. मग बँकेतून दिल्ली किंवा पुण्यावर देय असा डिमांड ड्राफ्ट, मग पोस्ट, मग वाट. आमच्याकडच्या कॉलेजांसाठी 1 मे 1983 ला अमरावती विद्यापीठ झालं. त्याआधी सगळा कारभार नागपूरचा. शेगावला गाडीत बसून बडनेऱ्याला उतरलं की अमरावती, तशीच बसून राहिलं की नागपूर, आणि उलट्या दिशेच्या गाडीने पुणे-मुंबई. पुढच्या शिक्षणाचा आमचा नकाशा एवढाच होता. भरलेला फॉर्म रजिस्टर ए.डी.ने जायचा, आणि पलीकडच्या कारकुनाची सही घेऊन ए.डी.चं कार्ड परत आलं की आई ते देवापुढे ठेवायची. प्रवेश मिळालेला नसायचा, फक्त पाकीट पोचलेलं असायचं.

2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकलं. आताच्या अर्जदाराला त्याचा पत्ताही लागला नसेल. तो ‘सबमिट’ दाबतो आणि त्याच क्षणी पोच येते. 2022 पासून देशातल्या कितीतरी विद्यापीठांच्या एम.ए., एम.एस्सी.ला एकच सीयूईटी परीक्षा आहे. अर्ज एक आणि पर्याय अनेक. आम्ही दोन ठिकाणचे फॉर्म भरले की ड्राफ्टचे पैसे संपायचे. ही मुलगी दहा ठिकाणांचा विचार करू शकते, आणि ज्या गावात तिच्या आजीला सही येत नव्हती त्याच गावात बसून करू शकते.

शिफारसपत्राची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही.

पत्र मागायला सरांच्या घरी जायचं ते रविवारी सकाळी. इस्त्रीचा शर्ट, आणि आईने बळेच दिलेला वानवळा, कधी तुरीच्या शेंगा तर कधी हरभऱ्याचे घाटे. सायकलवरून सरांच्या घराच्या जरा अलीकडेच उतरायचं. ओसरीवर सर पेपर वाचत असायचे. पहिली काही मिनिटं पाऊसपाण्याची, पऱ्हाटीची, घरच्यांची चौकशी. तोंडाशी आलेलं वाक्य बाहेर पडत नसे. शेवटी सरच विचारायचे, “बोल, कायले आला?” मग आम्ही चाचरत म्हणायचो, “सर, एक पत्र पाहिजे होतं जी.”

त्यानंतर सर जे करायचे त्याला आज मुलाखत म्हणतील. कुठे अर्ज करतोस, तिथे कोण शिकवतं, तो विषयच का, आणि फी कोण भरणार. मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशनचा रंग दोनदा हुकला तेव्हा तू वहीत आकडा बदलला नाहीस, हे मला आठवतं, असं एखादं वाक्य मध्येच यायचं. आपल्याकडे कुणी इतकं बारकाईने पाहत होतं, हे आम्हाला त्या ओसरीवर पहिल्यांदा कळायचं. सर उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर कच्चा मसुदा लिहायचे आणि सोमवारी ऑफिसातला टायपिस्ट तो लेटरहेडवर उतरवायचा. मशीनची फीत विटलेली, इंग्रजी ‘ई’च्या पोटात शाई साचून त्याचा ठिपका झालेला. सर सही करायचे, पाकीट डिंकाने बंद करायचे, आणि मग पाकिटाच्या जोडावर, अर्धी झडपेवर नि अर्धी कागदावर येईल अशी दुसरी सही. तिच्यावर कॉलेजचा शिक्का.

ते बंद पाकीट घेऊन आम्ही एस.टी.त बसायचो. आपल्याबद्दल काहीतरी लिहिलेलं आपल्याच मांडीवर, आणि ते वाचायची परवानगी नाही. दिव्यापुढे धरून पाहायचा मोह होई. पण उघडलं कुणी नाही.

आता त्याची दुसरी बाजू. ती लपवली तर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. सगळेच सर असे नव्हते. बहुतेक पत्रं सायक्लोस्टाइलवर काढलेली, नावापुरती जागा कोरी. माझ्या माहितीप्रमाणे याची नैतिक वर्तणूक चांगली आहे, एवढा इंग्रजी मजकूर सरसकट सगळ्यांना. ज्याने वर्गात उलट प्रश्न विचारला त्याला सरांच्या दारात जायची हिंमत नसे. आणि त्या ओसरीचंही खरं सांगितलं पाहिजे. कुठल्या ओसरीवर कुणाला सतरंजी मिळायची आणि कुणाला पायरीखाली उभं राहून बोलावं लागायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बौद्धवाड्यातला आमचा एक वर्गमित्र आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार होता. तो कधी कुणाच्या घरी पत्र मागायला गेला नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात उभा राहायचा, सर घाईत असायचे, आणि त्याला तो छापील नमुना मिळायचा. त्याच्या प्रॅक्टिकलच्या वहीबद्दल कुणी वाक्य लिहिलं असतं तर तो कुठे गेला असता, हा विचार आजही मनातून जात नाही. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. मुलीने लांबच्या विद्यापीठासाठी पत्र मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांच्यासाठी डी.एड., बी.एड., आणि तेही जवळचं.

म्हणून आताची व्यवस्था पाहून आधी बरंच वाटतं. मुलीने विद्यापीठाच्या पोर्टलवर शिक्षकाचं नाव नि ई-मेल भरायचा. विद्यापीठ परस्पर शिक्षकाला लिंक पाठवतं. शिक्षक पत्र अपलोड करतात. मध्ये ओसरी नाही की वानवळा नाही, आणि पायरीखाली कुणाला उभं राहावं लागत नाही. अमेरिकन अर्जात एक चौकटही असते. 1974 च्या तिथल्या कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला, म्हणून हे पत्र वाचण्याचा हक्क तू सोडतोस का, असं त्याला विचारलं जातं. बहुतेक जण सोडतात, कारण विद्यार्थ्याने वाचलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो. आमच्या पाकिटाच्या जोडावरच्या सहीचं काम आज ही चौकट करते. फरक एवढा की आज विद्यार्थ्याला निदान विचारलं जातं.

पण मग व्हॉट्सअॅपवर मुलगी लिहिते, ‘सर, एलओआर हवं होतं, लिंक येईल.’ आणि उत्तर येतं, ‘तूच लिहून पाठव, मी टाकतो.’ हे उत्तर शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांतूनही येतं, छोट्या गावांतून तर नेहमीच. शिक्षकांचाही नाइलाज आहे. कायमच्या जागा भरलेल्या नाहीत, तासिका तत्त्वावरचा तरुण प्राध्यापक तीन कॉलेजांत धावतो आहे आणि पुढच्या वर्षी तो असेल की नाही हे त्यालाच माहीत नाही. त्याच्याकडे कॉलेजचा अधिकृत ई-मेल नसतो. जीमेलवरून आलेल्या पत्राकडे परदेशातली काही विद्यापीठं संशयाने पाहतात. पोर्टल त्याला विचारतं, ही विद्यार्थिनी तुम्ही आजवर शिकवलेल्यांत पहिल्या पाच टक्क्यांत येते की दहा? तो पाचवर टिचकी मारतो. मुलीने स्वतःबद्दल लिहिलेलं पत्र तो न वाचता चढवतो. ती आपणच आपल्याला मेहनती आणि जिज्ञासू म्हणते, कारण इंटरनेटवरच्या नमुन्यात तेच शब्द आहेत. आमच्या वेळचा सायक्लोस्टाइलचा कागदच हा, फक्त आता त्यातली कोरी जागा विद्यार्थ्याने स्वतः भरायची.

यात नुकसान कुणाचं होतं? ज्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे त्याचंच. पुण्या-मुंबईच्या मुलाच्या पत्राखाली ओळखीचं नाव असतं, ओळखीची संस्था असते. वरवटच्या मुलीच्या पत्राखालचं कॉलेज वाचणाऱ्याने ऐकलेलं नसतं. अशा पत्राला जोर येतो तो एकाच गोष्टीने, आतल्या एखाद्या खऱ्या तपशिलाने. टायट्रेशनचा हुकलेला रंग. तो तपशील माहीत असणारा माणूस आणि तो लिहायची सवड या दोन गोष्टी एका जागी आल्या नाहीत तर पोर्टल कितीही चांगलं असून उपयोग नाही.

शिफारस ही गोष्ट आमच्याकडे वाईट अर्थानेच जास्त वापरली गेली, पण तिने काय होऊ शकतं याचा दाखला महाराष्ट्राला नवा नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी तरुण भीमराव आंबेडकरांसाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला आणि कॉलेजसाठी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे 1913 मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं. केळुसकर काही भीमरावांच्या कॉलेजातले प्राध्यापक नव्हते. बागेत वाचत बसलेला मुलगा त्यांनी पाहिला होता, त्याला पुस्तकं दिली होती, आणि पाहिलेलं सांगायला ते स्वतः उठून गेले होते. आमच्या ओसरीवरच्या सरांची मोठी आवृत्ती म्हणायची तर ही. आणि त्या वेळीही असे केळुसकर किती मुलांना भेटले, हा प्रश्न उरतोच.

आता हे काम एकट्या माणसाच्या भलेपणावर सोडायचं नाही असं ठरवणारेही आहेत, आणि ते आमच्याच जिल्ह्यातले आहेत याचा मला अभिमान आहे. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारे गावचा राजू केंद्रे 2021 मध्ये ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या ‘सोआस’मध्ये गेला. त्याने उभी केलेली ‘एकलव्य’ संस्था घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलामुलींना टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस (टिस), अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि परदेशातल्या अर्जांसाठी तयार करते. अर्ज कसा भरायचा, तारखा कशा सांभाळायच्या, शिक्षकाकडे पत्र कसं मागायचं, हे सांगणारं घरात कुणी नसतं, हीच मोठी अडचण आहे हे त्यांनी ओळखलं. आमच्या वेळी ही गोष्ट ज्याच्या मामाला ठाऊक त्याच्यापुरतीच राहायची. चेव्हनिंगला दोन रेफरन्स लागतात, अमेरिकेतल्या पीएच.डी.ला बहुधा तीन, शिक्षकाला निदान महिना-दीड महिना आधी सांगायचं, बरोबर आपली गुणपत्रिका, बायोडाटा आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची आठवण करून देणारं एक पान द्यायचं. एवढं साधं ज्ञान, पण ते वेळेवर मिळालं नाही म्हणून आमच्यातले किती जण बडनेऱ्याच्या पुढे गेले नाहीत.

आमच्या आळीतल्या त्या मुलीला खारपाणपट्ट्यातल्या भूजलावर काम करायचं आहे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतलं हे खारं पाणी आणि त्याच्याबरोबर येणारा मूत्रपिंडाचा आजार इथल्या घराघरांना माहीत आहे. तिच्या काकांचं डायलिसिस चालू होतं. ते आता नाहीत. तिने स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये हे एका ओळीत लिहिलं होतं आणि बाकी सगळं इंटरनेटच्या भाषेत. एक पत्र तिचे एम.एस्सी.चे मार्गदर्शक देणार होते, एक इंटर्नशिप केली त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाई. तिसऱ्यासाठी तिने बी.एस्सी.च्या सरांना मेसेज केला. सर निवृत्त झालेले, मुलाकडे खामगावला राहतात. त्यांनी लिहिलं, ‘ये इकडं.’

तिला ते पटलं नव्हतं. लिंकवर पाच मिनिटांचं काम, त्यासाठी खामगावला कशाला जायचं? मी म्हटलं, जाऊन ये. फ्लॅटच्या हॉलमध्ये सरांनी तिला समोर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “खाऱ्या पान्यावरच का कराचं तुले? सोपे विषय लय आहेत.” मग ती बोलत राहिली. कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या वर्षी कसं होतं, वान प्रकल्पाचं नळाचं पाणी आल्यावर काय बदललं, काय नाही. काकांचं सांगितलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी तिने घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये आणलं होतं आणि क्लोराइडचा आकडा पाहून तीन वेळा परत काढला होता. हे ती विसरली होती, सरांना आठवत होतं. परतल्यावर तिने आपलं स्टेटमेंट पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिलं आणि त्याची सुरुवात त्या बाटलीने केली.

सरांना पोर्टल जमलं नाही. पासवर्डचा मेल स्पॅममध्ये गेला, ओटीपी मुलाच्या फोनवर गेला, मुलगा ऑफिसात. शेवटी नातवाने बसून पत्र चढवलं. त्यात काय लिहिलं ते तिला माहीत नाही, तिने हक्क सोडल्याच्या चौकटीवर खूण केली आहे. आता शीटमध्ये सरांचा खण हिरवा आहे, मार्गदर्शकांचाही. बाईंचा अजून लाल आहे. त्या परदेशात परिषदेला गेल्या आहेत, आठवण करून देणारे दोन मेल गेले, उत्तर नाही. सगळ्यात आधीची मुदत 15 डिसेंबरची, आणि ती विद्यापीठाच्या घड्याळाप्रमाणे की आपल्या, यावरून आमच्या ओट्यावर काल रात्री बराच वेळ चर्चा झाली. तिचे वडील दिवसभर कापूस वेचणीवर असतात. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुण्याआधी विचारतात, “आला काय वो थ्या बाईचा मेल?”